पासबुकातला तिसरा रकाना : ईपीएस-९५ निवृत्तिवेतन योजनेचे परीक्षण

खासगी कारखाने, सहकारी साखर कारखाने, महामंडळे आणि असंख्य लहान आस्थापना यांत काम करणाऱ्यांच्या म्हातारपणासाठी देशात जी सर्वांत मोठी सोय आहे, ती म्हणजे कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५, म्हणजेच ईपीएस-९५. कामगारांच्या बोलण्यात ती ‘पीएफची पेन्शन’ असते, आणि आज पंचाहत्तर लाखांहून अधिक लोक तिच्याकडून दरमहा निवृत्तिवेतन घेत आहेत. कामाला लागताना सह्या केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात तिचाही कागद असतो, पण तो वाचून सही करणारा माणूस मी क्वचितच पाहिला. एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या टाइम ऑफिसात पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांची कागदपत्रे हाताळण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि आता मी स्वतः याच योजनेकडून निवृत्तिवेतन घेतो, म्हणून ही सेवा देते काय आणि तिच्यात उणे काय, हे दोन्ही बाजूंनी पाहून लिहीत आहे. या प्रश्नाला दुसरा एक प्रश्न चिकटलेला आहे आणि तो टाळून हे परीक्षण पुरे होणार नाही: म्हातारपणाच्या आणि दवाखान्याच्या सोयी वर्षानुवर्षे आक्रसत असताना कामगाराने त्याविरुद्ध आपले राजकीय वजन का वापरले नाही?

आधी योजनेची रचना. कामगाराच्या वेतनातून १२ टक्के रक्कम भविष्य निर्वाह निधीत जाते आणि मालकही तेवढीच रक्कम भरतो. मालकाच्या या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेत वळतात आणि उरलेले ३.६७ टक्के निधीत राहतात. केंद्र सरकार आपल्याकडून १.१६ टक्के घालते. हा सगळा हिशेब मर्यादेतल्या वेतनावर होतो. ही मर्यादा २००१ पासून ६,५०० रुपये होती आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे, म्हणजे प्रत्यक्ष पगार तीस हजार असला तरी निवृत्तिवेतनाकडे महिन्याला जाणारी मालकाची रक्कम १,२५० रुपयांवर थांबते. दहा वर्षांची सेवा झाली की हक्क निर्माण होतो, अठ्ठावन्नाव्या वर्षी पूर्ण निवृत्तिवेतन सुरू होते आणि पन्नाशीनंतर लवकर घ्यायचे असल्यास प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कापले जातात. सूत्र साधे आहे: निवृत्तिवेतनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर.

हे सूत्र एका उदाहरणावर चालवून पाहिले म्हणजे योजनेचा खरा आवाका दिसतो. सप्टेंबर १९९९ मध्ये कायम झालेला आणि ऑगस्ट २०२४ अखेर अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झालेला फिटर घ्या. त्याची सेवा बरोबर पंचवीस वर्षांची आहे आणि त्याचा पगार सतत मर्यादेच्या वरच होता असे धरू. पहिल्या पंधरा वर्षांचा हिशेब ६,५०० रुपयांवर होईल, त्याचे १,३९३ रुपये. पुढच्या दहा वर्षांचा १५,००० रुपयांवर, त्याचे २,१४३ रुपये. वीस वर्षांहून अधिक सेवेबद्दल दोन वर्षांची वाढीव सेवा मिळते, ती धरली की महिन्याला ३,८०० रुपयांच्या आसपास रक्कम बसते. शेवटच्या महिन्यात तीस-पस्तीस हजार रुपये घरी नेणाऱ्या माणसाला पुढच्या महिन्यापासून ३,८०० रुपये, आणि तेही कायम तेवढेच, कारण या योजनेत महागाई भत्ता नाही. आज ३,८०० रुपयांत जेवढा किराणा येतो, तेवढा पंधरा वर्षांनी येणार नाही हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. आणि हा माणूस नशीबवान म्हणावा अशी स्थिती आहे. ज्यांची बरीच सेवा जुन्या मर्यादेत गेली, ज्यांच्या नोकऱ्या मध्येच तुटल्या, ज्यांचा पगारच कमी होता, त्या फार मोठ्या वर्गाला हजार ते दोन हजारांच्या दरम्यान रक्कम मिळते. किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून १,००० रुपये आहे आणि तेव्हापासून त्यात एक रुपयाचीही वाढ झालेली नाही.

पण योजनेवर सरसकट तोंडसुख घेणेही मला मान्य नाही. वरच्या उदाहरणात मालकाकडून पंचवीस वर्षांत निवृत्तिवेतनाकडे गेलेली रक्कम साधारण अडीच लाख रुपये भरते. ३,८०० रुपये दरमहा या दराने ती साडेपाच वर्षांत परत येते. व्याज धरले तर हा काळ बराच लांबतो, तरी हिशेब अगदीच तोट्याचा ठरत नाही. ‘आमचे पैसे सरकारने खाल्ले’ हे वाक्य मी हजारदा ऐकले आहे आणि ते बरोबर नाही. निवृत्तिवेतन तुटपुंजे आहे ते मुख्यतः त्यात पैसे कमी पडले म्हणून, आणि पैसे कमी पडले ते वेतनमर्यादा वर्षानुवर्षे गोठवून ठेवली म्हणून. मर्यादा गोठली की मालकाचा वाटाही गोठतो, सरकारचाही गोठतो. राग धरायचा असेल तर तो नेमका येथे धरायला हवा.

योजनेची सर्वांत मोलाची बाजू सहसा कोणी सांगत नाही. सेवेत असताना कामगाराचा मृत्यू झाला आणि त्याच्या नावे एका महिन्याची वर्गणी जमा झालेली असली, तरी त्याच्या पत्नीला निवृत्तिवेतन सुरू होते आणि पंचवीस वर्षांखालील दोन मुलांना त्याच्या प्रत्येकी २५ टक्के मिळतात. त्याला जोडून ठेव-संलग्न विम्याची, म्हणजे पीएफसोबत येणाऱ्या आयुर्विम्याची, रक्कम येते, तिची कमाल मर्यादा २०२१ पासून ७ लाख रुपये आहे. प्रेस मशीनवर काम करणारा आमचा एक तरुण सहकारी अपघातात गेला, तेव्हा त्याच्या घरी गेलेली पहिली नियमित रक्कम हीच होती. साखर कारखान्यांतल्या हंगामी कामगारांसाठी एक फार चांगली तरतूद आहे: गळीत हंगाम चार-पाच महिनेच चालला तरी ते वर्ष सेवेचे पूर्ण वर्ष धरले जाते. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि मराठवाड्यातल्या कित्येक हंगामी कामगारांना ही तरतूद ठाऊकच नसते आणि ‘आपण तर सीझनचे’ असे म्हणून ते निवृत्तिवेतनाचा विचार सोडून देतात.

सेवेचा दर्जाही अलीकडे खरोखर सुधारला आहे. हयातीचा दाखला पूर्वी नोव्हेंबरात बँकेत रांग लावून द्यावा लागे. आता तो मोबाइलवर चेहरा दाखवून वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून वर्षभर चालतो. जानेवारी २०२५ पासून केंद्रीकृत वितरण सुरू झाल्याने कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत निवृत्तिवेतन जमा होते. मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेलेल्या म्हाताऱ्यांची यामुळे मोठी सोय झाली. अडचण येते ती जुन्या नोंदींत. आमच्या एका सहकाऱ्याचे निवृत्तिवेतन आठ महिने अडकले, कारण त्याच्या आधीच्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नव्हती आणि तो ठेकेदार केव्हाच आपला गाशा गुंडाळून गेला होता.

आता ज्या रकान्यावरून या लेखाला शीर्षक दिले आहे, त्याकडे येतो. सभासदाचे पासबुक उघडले की तीन रकाने दिसतात: कामगाराचा वाटा, मालकाचा वाटा आणि निवृत्तिवेतनाची वर्गणी. वर्ष संपले की पहिल्या दोन रकान्यांत व्याज पडते. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होते. तिसऱ्या रकान्यात व्याज कधीच पडत नाही, कारण ती रक्कम कोणाच्या वैयक्तिक खात्याची नसून सामाईक निधीत गेलेली असते. हे मी जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी आलेल्या किती जणांना समजावले असेल, याची गणती नाही. समजून घेतल्यावरही बहुतेकांचा चेहरा तसाच राही. जी रक्कम वाढताना दिसत नाही, जी घराच्या कामासाठी, लग्नासाठी, आजारपणासाठी काढता येत नाही आणि जिचे अखेर किती मिळणार हे कोणी पगारपत्रकावर छापत नाही, ती माणसाला आपली वाटत नाही. माझ्या मते या सेवेतला सर्वांत मोठा दोष हाच आहे, आणि कामगाराच्या राजकीय वर्तनाची किल्लीही येथेच आहे.

एक प्रसंग सांगतो. ठेकेदाराकडून काम करणारा एक वेल्डर नोकरी सोडून गावी जाणार होता. त्याची सेवा नऊ वर्षे तीन महिन्यांची होती. सहा महिने किंवा अधिक असलेला तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, त्यामुळे आणखी तीन महिने कुठेही वर्गणी भरली असती तर त्याची दहा वर्षे धरली गेली असती आणि आयुष्यभराचे निवृत्तिवेतन पक्के झाले असते. मी त्याला कागदावर आकडे मांडून दाखवले. तो शांतपणे ऐकून म्हणाला, “काका, अठ्ठावन्नाव्या वर्षी दीड-दोन हजार घेऊन मी काय करू? पोरीची फी आज भरायची आहे.” त्याने दोन महिन्यांनी फॉर्म १०-सी भरून लाखाच्या आसपास रक्कम काढून घेतली. त्याला अडाणी म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला त्याचा हिशेब चुकीचा वाटत असला तरी त्यामागचे कारण खोटे वाटत नाही. सोय इतकी आक्रसली आहे की तिच्यासाठी आजची गरज बाजूला ठेवावी, असे तिच्यात फारसे काही उरलेलेच नाही.

हीच वृत्ती देशाच्या पातळीवर २०१६ साली स्पष्ट दिसली. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या रकमेच्या ६० टक्के भागावर कर लावण्याचा प्रस्ताव आला आणि पगारदार वर्गातून इतका विरोध झाला की अर्थमंत्री अरुण जेटली यांनी ८ मार्चला तो मागे घेतला. त्याच सुमारास मालकाच्या वाट्याची रक्कम अठ्ठावन्न वर्षे होईपर्यंत काढता येणार नाही, असा नियम आला. त्याविरुद्ध एप्रिलमध्ये बेंगळुरूच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतल्या हजारो स्त्रिया कोणत्याही मोठ्या संघटनेच्या हाकेविना रस्त्यावर उतरल्या, महामार्ग थांबले, आणि १९ एप्रिलला सरकारने तो नियम रद्द केला. दोन दिवसांत झालेली ही माघार आपल्या कामगार चळवळीच्या इतिहासात ठळकपणे नोंदवावी अशी आहे. त्या स्त्रियांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण तिच्याशेजारी १ सप्टेंबर २०१४ ची गोष्ट ठेवून पाहा. त्या दिवसापासून निवृत्तिवेतनपात्र वेतन शेवटच्या बारा महिन्यांऐवजी साठ महिन्यांच्या सरासरीवर धरले जाऊ लागले, म्हणजे शेवटच्या वेतन करारात झालेल्या वाढीचा पुरा लाभ निवृत्तिवेतनात येईनासा झाला. आणि त्यानंतर १५,००० हून अधिक वेतनावर प्रथमच नोकरीला लागणारे तरुण या योजनेतूनच वगळले गेले. त्याआधी २००८ मध्ये निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी रक्कम घेण्याची सोय आणि भांडवल परत मिळण्याचा पर्याय, हे दोन्ही काढून टाकले गेले होते. यांतल्या कोणत्याही बदलावर कुठे महामार्ग थांबला नाही. २०१४ ला आमच्या गेटवर चर्चा झाली ती किमान हजार रुपये झाल्याची, आणि साठ महिन्यांच्या सरासरीचा कागद सूचनाफलकावर तसाच टाचलेला राहिला.

ज्या पैशावर हात ठेवता येतो त्यासाठी कामगार सरकारला दोन दिवसांत नमवतो, आणि ज्यावर हात ठेवता येत नाही तो त्याच्या डोळ्यांदेखत आटला तरी तो बोलत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने नोकरी गेल्यावर निवृत्तिवेतनाची रक्कम काढून घेण्यासाठीची मुदत दोन महिन्यांवरून छत्तीस महिन्यांवर नेण्याचे ठरवले, तेव्हा लगेच संताप उसळला. म्हातारपणासाठी सेवा टिकावी हा त्यामागचा हेतू कोणाला पटला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्या बदलली, तेव्हाही मला ओळखीच्या तरुण कामगारांनी विचारलेला पहिला प्रश्न ‘हातातला पगार कमी होणार का’ हाच होता. ग्रॅच्युइटी वाढेल का, निवृत्तिवेतन वाढेल का, हे एकाने विचारले. ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे त्याच्याकडून दुसरी अपेक्षा करणे कठीण आहे, हे मी जाणतो.

सरकारी कर्मचाऱ्यांनी याच्या अगदी उलट करून दाखवले. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमलेल्या शासकीय आणि निमशासकीय कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन गेली. ती गेलेल्यांनी निवृत्त होईपर्यंत वाट पाहिली नाही. ऐन नोकरीत असतानाच ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा त्यांनी घरोघरी पोहोचवली. २०२३ च्या सुरुवातीला नागपूर शिक्षक आणि अमरावती पदवीधर मतदारसंघांत भाजपच्या बाजूचे उमेदवार हरले, त्यामागे हा प्रश्न मोठा होता हे त्या वेळी सगळ्यांनीच मान्य केले. पुढे १४ मार्चपासून आठवडाभर राज्यभर संप झाला. अखेर केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. तिच्यात पंचवीस वर्षांच्या सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाचा निम्मा भाग मिळतो आणि दहा वर्षांच्या सेवेला किमान १०,००० रुपये. त्याच दहा वर्षांच्या सेवेला खासगी कारखान्यातल्या माणसाला किमान १,००० रुपये आहेत. दोघे एकाच राज्यात राहतात, एकाच दुकानातून गहू घेतात.

संपाच्या त्या आठवड्यात कारखान्यांच्या गेटवर, रिक्षा स्टँडवर आणि एसटीत जे बोलणे चालले होते, ते मला फार दुखावून गेले. ‘यांना कशाला हवी पेन्शन, आम्हाला कुठे मिळते’ हा सूर सगळीकडे होता. आपल्याला मिळत नाही म्हणून दुसऱ्यालाही मिळू नये, असे वाटणे हा सोयी आक्रसण्याचा सर्वांत वाईट राजकीय परिणाम आहे. शेजाऱ्याची सोय पाहून ‘आम्हालाही हवी’ म्हणणारा माणूस मागणी करतो. ‘त्याचीही काढा’ म्हणणारा माणूस नकळत काढणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहतो.

याला एक मोठा अपवाद आहे, तो एसटी कामगारांचा. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या त्यांच्या संपाची मुख्य मागणी महामंडळाचे शासनात विलीनीकरण ही होती. बाहेरून पाहणाऱ्यांना ती हट्टाची वाटली. पण एसटीच्या चालक-वाहकांना निवृत्तीनंतर मिळते ते ईपीएस-९५ चेच निवृत्तिवेतन. तीस-तीस वर्षे गाडी चालवलेल्या आपल्याच वडिलांना किंवा डेपोतल्या जुन्या चालकांना दोन-अडीच हजारांत महिना काढताना त्यांनी पाहिले होते, आणि हे टाळण्याचा मार्ग त्यांना विलीनीकरणात दिसला. मागणी मान्य झाली नाही, संपाची फार मोठी किंमत त्यांनी मोजली. तरीही सेवेत असलेल्या कामगारांनी आपल्या म्हातारपणासाठी दिलेला महाराष्ट्रातल्या अलीकडच्या काळातला सर्वांत मोठा लढा म्हणून मी त्याकडे पाहतो.

ईपीएस-९५ च्या निवृत्तांचा स्वतःचा लढाही महाराष्ट्रातूनच उभा राहिला. बुलढाण्यात २०१८ च्या अखेरीपासून निवृत्तांनी साखळी उपोषण चालवले आहे आणि राष्ट्रीय संघर्ष समिती किमान ७,५०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि पती-पत्नीला मोफत वैद्यकीय सेवा मागत आहे. मागणी अवाजवी नाही. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती आणि तीही अमलात आलेली नाही. या लढ्यात सत्तर-पंचाहत्तर वर्षांची माणसे दिल्लीपर्यंत जाऊन बसतात. त्यांच्या हातात नसते ते एकच, काम बंद ठेवण्याची ताकद. ती ज्यांच्या हातात आहे, ते अठ्ठावन्नाचे होईपर्यंत या प्रश्नाकडे पाहत नाहीत. दरम्यान निराधार वृद्धांच्या अर्थसाह्याची रक्कम आणि लाडक्या बहिणींचे मासिक साहाय्य १,५०० रुपये झाले, आणि वर्गणी भरून मिळवलेले किमान निवृत्तिवेतन त्याहून कमी राहिले. गरजू बायकांना आणि निराधारांना मिळणाऱ्या पैशाबद्दल माझी कणभरही तक्रार नाही. पण मतदार म्हणून ज्यांची मोजदाद होते त्यांच्यापर्यंत पैसा पोहोचतो आणि पंचाहत्तर लाख निवृत्त अजून एक मतदारवर्ग म्हणून मोजले जात नाहीत, एवढे यातून दिसते.

दवाखान्याच्या बाबतीतही असेच घडले. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, ही मुळात फार उदार योजना आहे: उपचाराच्या खर्चाला ठरावीक मर्यादा नाही, अवलंबून असलेल्या आई-वडिलांसह कुटुंब त्यात येते, आजारपणाच्या रजेत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. तिची वेतनमर्यादा जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपयांवर थांबलेली आहे. जुलै २०१९ मध्ये वर्गणी साडेसहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आणली गेली. वीस हजार वेतनाच्या कामगाराचे महिन्याला २०० रुपये वाचले, मालकाचे ३०० वाचले, आणि दवाखान्याकडे जाणारे एकूण ५०० रुपये कमी झाले. माझ्या आठवणीत त्या महिन्यात एकही कामगार तक्रार घेऊन आला नाही. दोनशे रुपये जास्त आले याचेच समाधान होते. औषधालयात लिहून दिलेली गोळी शिल्लक नसली की शिव्या मात्र तिथल्या फार्मासिस्टला पडतात.

पगार २१,००० ओलांडला की ईएसआयची साथ सुटते आणि कंपनीचा गट विमा सुरू होतो. या विम्याला तीन किंवा पाच लाखांची मर्यादा असते, खोलीभाड्याला मर्यादा असते, दर नूतनीकरणाला काहीतरी कमी होते. बहुतेक ठिकाणी सर्वांत आधी आई-वडील वगळले जातात. निवृत्तीच्या दिवशी तोही संपतो. ईएसआयमध्ये राहून निवृत्त झालेल्याला मात्र किमान पाच वर्षांची विमित सेवा असेल तर वर्षाला फक्त १२० रुपयांत पती-पत्नीची वैद्यकीय सेवा चालू राहते. पगार वाढल्यामुळे ईएसआयबाहेर गेलेल्यांना ती मिळत नसे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ईएसआय महामंडळाने ३०,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या काही निवृत्तांसाठी ती अट सैल करण्याचे ठरवले. आपण त्यात बसतो का, हे प्रत्येकाने चौकशी करून पाहावे.

आता ही पोकळी सरकारी कार्डांनी भरली जात आहे. राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा ५ लाख झाली आणि सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी २०२४ मध्ये आयुष्मान कार्ड आले. कार्डाने कित्येकांचे प्राण वाचले आहेत आणि माझ्या नात्यातल्या एकाची बायपास त्यावरच झाली. पण राजकीय भाषेत पाहिले तर एक मोठा बदल घडला आहे. कामाचा भाग म्हणून मालकाकडून जे हक्काने मिळत होते त्याची जागा सरकारकडून मिळणाऱ्या लाभाने घेतली, कृतज्ञता कार्डावर फोटो असलेल्याकडे गेली, आणि नफ्यातला कारखाना आपल्या म्हाताऱ्या कामगारांचे काय देणे लागतो हा प्रश्न मागणीपत्रांतून जवळजवळ नाहीसा झाला. कामगार आज स्वतःला लाभार्थी म्हणवून घेतो, आणि लाभार्थ्याला करार करता येत नाही.

तेव्हा योजनेबद्दल माझे मत असे. मृत्यू आणि अपंगत्व यांपासूनचे संरक्षण म्हणून ती उत्तम आहे आणि कोणीही ती दहा वर्षांच्या आत मोडू नये. वितरणाची सेवा चांगली झाली आहे. म्हातारपणाचा आधार म्हणून ती आजच्या स्वरूपात अपुरी आहे आणि वेतनमर्यादा वाढून वेतनाशी जोडली जाईपर्यंत, तसेच महागाईची भरपाई मिळेपर्यंत, अपुरीच राहील. २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खऱ्या पगारावर निवृत्तिवेतन मिळवण्याची वाट काही जुन्या सभासदांना खुली झाली आणि सतरा लाखांहून अधिक अर्ज आले, पण त्यासाठी आधी मिळालेली मोठी रक्कम व्याजासह परत भरावी लागते, म्हणून ती सर्वांची वाट नाही.

चाळिशीच्या आतल्या कामगाराने दोन कामे आत्ताच करावीत: पासबुकातली सेवा सलग आहे का आणि आधीच्या प्रत्येक मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का हे पाहावे, आणि पत्नीचे नाव, आधारवरील जन्मतारीख व नामनिर्देशन जुळवून घ्यावे. बाकीचे काम संघटनांचे आहे. दर तीन वर्षांनी होणाऱ्या वेतन करारात निवृत्तांच्या गट विम्याचा मुद्दा बहुतेक ठिकाणी शेवटच्या पानावर असतो आणि वाटाघाटीत सर्वांत आधी तोच सोडला जातो. तो टिकवायचा असेल तर समितीत तो सोडवू न देणारी माणसे हवीत. निवृत्त कर्मचाऱ्याला पदाधिकारी म्हणून ‘बाहेरचा’ मानायचे नाही, ही तरतूद २००१ च्या दुरुस्तीनेच तेव्हाच्या ट्रेड युनियन कायद्यात आली होती. ज्या संघटनांनी निवृत्त झालेल्या सभासदाचा सत्कार करून नारळ-शाल देऊन निरोप देण्याची प्रथा पाळली आहे, त्यांनी त्याच सभेत त्याचे सभासदत्व पुढे चालू ठेवावे आणि पुढच्या मागणीपत्राच्या समितीत निवृत्तांसाठी किमान दोन जागा राखून ठेवाव्यात.